साच्यातून काढल्यासारखे कप

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजेपर्यंत मापताईंना "हे खरंच हाताचं आहे का?" हा प्रश्न चौदा वेळा विचारून झाला होता. चौदा हा आकडा अंदाजाने सांगितलेला नाही. त्यांचे नवरोबा स्टॉलमागच्या खुर्चीत बसून, दुसरा काही उद्योग नसल्यामुळे, एका पुठ्ठ्यावर पेन्सिलीने रेघा मारत होते.

विचारणारी माणसं काही वाईट नसतात. ती एक कप उचलतात, मग शेजारचा उचलतात, दोन्ही डोळ्यांसमोर धरतात, आणि भाजीवाल्याने वजनात मारलंय पण पुरावा सापडत नाही अशा नजरेने बघत राहतात. मापताई म्हणायच्या, हो, हाताचंच. चाकावर केलेलं? चाकावर. तुम्हीच करता? मीच करते. मग सगळे सारखे कसे?

इथे मापताईंचं डोकं फिरायचं. शिंप्याला कुणी विचारतं का, की दोन्ही बाह्या सारख्या कशा? सुताराला विचारतात का, की चारही पाय एका उंचीचे कसे? उलट एक पाय आखूड निघाला तर त्याच्या नावाने शिमगा करतात. कुंभारानेच तेवढं काय घोडं मारलंय? पण गिऱ्हाइकाला असं बोलता येत नाही. त्या हसायच्या, "सवयीने होतं," म्हणायच्या, आणि गिऱ्हाईक "अच्छा" म्हणून दोन्ही कप जागेवर ठेवून पुढच्या स्टॉलकडे सरकायचं. नवरोबा रेघ मारायचे.

मापताई हे नाव त्यांना प्रदर्शनवाल्यांनीच दिलं होतं. त्यांच्या अंबाड्यात कायम एक लाकडी काडी खोचलेली असते. तिच्यावर दोन खाचा आहेत, एक कपाच्या उंचीची आणि एक तोंडाच्या रुंदीची. कप चाकावरून उतरायच्या आधी काडी आत बुडते, आडवी होते आणि पुन्हा अंबाड्यात जाते. इतक्या वर्षांत केसांना जी माती लागली तिचा हिशेब कोण ठेवणार. खरं नाव आता फक्त अर्जावर असतं आणि अर्ज नवरोबा भरतात.

काम त्या वडिलांकडे शिकल्या. वडिलांची शिकवायची पद्धत अशी की ते शिकवायचेच नाहीत. दिवस संपताना मुलीचे बारा ओले कप फळीवर ओळीने मांडायचे आणि विचारायचे, यातला वेगळा कोणता? ती बोट दाखवायची. वडील तो उचलून मातीच्या गोळ्यात कोंबायचे. मग पुन्हा, आता यातला वेगळा कोणता? असं करत करत फळी रिकामी व्हायची आणि पोरगी रडत हात धुवायला जायची. पहिली चार वर्षं तिचा एकही कप भट्टीपर्यंत पोचला नाही. तेविसाव्या वर्षी एकदा वडील त्या फळीच्या कडेने दोन वेळा चालत गेले, परत आले, आणि "साच्यातून काढल्यासारखे" एवढं एकच म्हणून आत निघून गेले. त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कुणी कधी ऐकली नव्हती. आयुष्यात तीनदा म्हणाले ते. तिन्ही वेळचे वार मापताई अजून सांगू शकतात.

आणि आता त्यांच्या शेजारच्या स्टॉलवर दाढीवाला होता. आधी कुठल्याशा ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचा, कंटाळून तीन वर्षांपूर्वी मातीत आला. त्याचे कप एका अंगाला कललेले असत. ओला असताना प्रत्येक कपात तो अंगठा दाबून एक खळगा करी. बायका कप उचलत, आपला अंगठा त्या खळग्यात ठेवत, आणि जणू हरवलेली बहीण भेटल्यासारख्या मोहरून जात. दाढीवाल्याच्या स्टॉलपुढे उभं राहायला जागा नसे. मापताईंनी त्याला पाण्यात पाहिलं नाही, असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं, पण पाहिलं. पोराचा हात चांगला आहे, हे त्यांना दिसत होतं आणि त्यामुळे जास्तच चिडचिड व्हायची. नीट शिकला असता तर वळण आलं असतं. पण वळण आलं असतं तर खपलं नसतं, आणि हे त्याला कुणीही न सांगता कळलं होतं.

अकराच्या सुमारास हातात फाइल घेऊन परीक्षकबाई आल्या.

या प्रदर्शनाची दोन दालनं असतात. पुढचं दालन हातकामाचं. तिथे मोठ्या खिडक्या, मंद संगीत, झाडांच्या कुंड्या आणि खिशात हात घालायच्या तयारीने आलेली माणसं. मागचं दालन "इतर वस्तूंचं", म्हणजे स्टीलच्या बाटल्या, प्लास्टिकची फुलं, मशीनवर छापलेल्या चादरी, आणि बाथरूमकडे जाताना वाट चुकलेले लोक. पुढच्या दालनात बसायचं तर समितीची मान्यता लागते, आणि ती एकदा गेली की तीन वर्षं मिळत नाही. मापताईंना एकोणसाठावं चालू होतं. उजव्या अंगठ्याचा सांधा सकाळी कुरकुरायला लागला होता. या वयात तीन वर्षं म्हणजे आणखी किती भट्ट्या उरल्या असतील, ते त्यांनी कधी मोजलं नव्हतं, मोजायचंही नव्हतं. नऊ महिन्यांचं काम त्या मांडणीवर होतं आणि ते बघायला माणसं येतात ती फक्त पुढच्या दालनात.

परीक्षकबाई आवाजाने मऊ होत्या. एकेक कप हातात घेऊन बोट फिरवून बघत होत्या. मग म्हणाल्या की तक्रार वगैरे काही नाही, पण समितीला एक शंका आहे. हातकामाच्या दालनात साच्यातला माल चालत नाही हे ताईंना माहीतच असेल. मापताई म्हणाल्या, माहीत आहे, आणि माझ्याकडे साचा नाही.

"पण तुम्हीच तसं लिहून दिलंय," परीक्षकबाई म्हणाल्या, आणि फाइलमधून अर्ज काढून समोर धरला.

अर्जात एक रकाना होता, "आपल्या कामाचे वैशिष्ट्य दोन ओळींत लिहा". त्याखाली नवरोबांच्या गोल, टपोऱ्या, सरकारी अक्षरात लिहिलं होतं: "आमची सर्व भांडी अगदी साच्यातून काढल्यासारखी असतात. त्यातले एक वेगळे काढून दाखवावे." पहिल्या वाक्याखाली पट्टीने रेघ होती.

मापताईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवरोबा खुर्चीतून उठले. ते निवृत्त होईपर्यंत एका कार्यालयाच्या खिडकीमागे बसून लोकांचे अर्ज तपासत. एका शब्दासाठी, एका चुकीच्या तारखेसाठी त्यांनी किती लोकांना परत पाठवलं असेल याची गणती नाही. आज ते पहिल्यांदाच खिडकीच्या पलीकडे उभे होते. त्यांनी परीक्षकबाईंना समजावलं की ही बोलायची पद्धत आहे, कौतुक आहे, याचा अर्थ साचा आहे असा होत नाही, तर साचा नसूनही तसं दिसतं असा होतो. "सारखी" या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं. परीक्षकबाई म्हणाल्या, मला मान्य आहे, पण समितीत सात जण आहेत आणि त्यांच्यापैकी पाच जणांनी वाक्य अर्धंच वाचलं.

एवढ्यावर गोष्ट कदाचित निभून गेली असती. पण नेमक्या त्याच वेळी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आल्या.

या बाईंनी अकरा वर्षांपूर्वी मापताईंकडून सहा कप नेले होते. रोज दोन्ही वेळचा चहा त्यांच्यातच. मागच्या महिन्यात सहातला एक फुटला, म्हणून त्यांनी उरलेल्यांपैकी एक फडक्यात गुंडाळून नमुन्याला आणला होता, तसाच दुसरा मिळतो का बघायला. मापताईंना आनंद झाला. झिलई तीच, निळसर राखाडी. त्यांनी मांडणीवरून एक कप काढून शेजारी ठेवला. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही उचलले, उलटे केले, काठाला काठ लावून एकमेकांवर पालथे घातले. अकरा वर्षांचं अंतर असलेले दोन कप एकमेकांवर असे बसले की मधून नखही जाईना.

"तंतोतंत," डॉक्टरीणबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "मला वाटलंच नव्हतं मिळेल म्हणून. तुम्ही साचा अजून जपून ठेवलाय वाटतं."

आणि नवा कप घेऊन, जुना परत फडक्यात गुंडाळून, खुशीत निघून गेल्या. त्यांना अडवून तरी काय सांगणार? अकरा वर्षं जिने रोज तुमचा कप ओठाला लावला, तिच्यावर ओरडता येत नाही. परीक्षकबाईंनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. मापताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती कुणावर काढावी हेच समजत नव्हतं. ज्या गोष्टीचा त्यांना हयातभर अभिमान वाटला, तीच एकेक करून त्यांच्या विरोधात साक्ष द्यायला येत होती.

परीक्षकबाईंनी मार्ग सुचवला. दालनाच्या मध्यभागी प्रात्यक्षिकाचा चौथरा आहे, तिथे चाक आहे. दुपारी तीन वाजता ताईंनी सगळ्यांसमोर बसून एक कप करून दाखवावा. त्यात हाताचं काम दिसलं की विषय संपला. मापताई म्हणाल्या, त्यापेक्षा माझ्या घरी या, माझ्या चाकावर बघा, अख्खा दिवस बसा. तसा नियम नव्हता.

परीक्षकबाई गेल्यावर मापताईंनी नवऱ्याला स्टॉलच्या पडद्यामागे नेलं, रिकाम्या खोक्यांमध्ये, आणि जे बोलायचं ते हळू आवाजात बोलून घेतलं. हळू आवाजातलं त्यांचं बोलणं ओरडण्यापेक्षा भारी असतं, हे नवरोबांना चौतीस वर्षांत माहीत झालं होतं. अर्ज भरायची इतकी हौस आहे तर भरा, पण आपलं पांडित्य कशाला पाजळायला हवं होतं? "मातीचे कप" एवढं लिहून भागलं नसतं का? वर पट्टीने रेघ? आणि "एक वेगळे काढून दाखवावे" म्हणजे काय, समितीला आव्हान देता?

 नवरोबा खाली बघत म्हणाले, "तुझे वडील तीनदाच म्हणाले. ते गेले, त्यांच्याबरोबर तेही गेलं. मला वाटलं, कुणीतरी कुठेतरी लिहून ठेवावं."

 आता धड भांडताही येत नाही, या गोष्टीचा मापताईंना आणखी राग आला. त्या पडद्याबाहेर येऊन फडक्याने आधीच स्वच्छ असलेले कप पुसत बसल्या.

तीन वाजता चौथऱ्याभोवती बरीच गर्दी जमली होती. प्रदर्शनवाल्यांनी ध्वनिक्षेपकावरून दोनदा सांगितलं होतं. चाक विजेवरचं होतं, स्टीलचं, नवं कोरं. माती दुसऱ्या कुणीतरी मळलेली, पाणी जास्त झालेली, हातात धरली की चुळबुळणारी. एरवी मापताईंनी आधी चाक चालवून पाहिलं असतं, माती पुन्हा मळली असती. पण डोक्यात राग होता, आणि रागात माणूस जी पहिली गोष्ट विसरतो ती नेमकी रोजची असते. त्या बसल्या, गोळा चाकावर आपटला, हात ओले केले आणि पाय दाबला.

चाक उलटं फिरलं.

मापताईंच्या घरचं चाक, त्यांच्या वडिलांचं चाक, घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. हे चाक काट्याच्या उलट फिरत होतं. बघणाऱ्याला यात काही वाटणार नाही. पण एक हात आत, एक हात बाहेर, कुठल्या हाताने उचलायचं आणि कुठल्याने दाबायचं, हे सगळं त्या फिरण्यावर ठरलेलं असतं. चाळीस वर्षांत जे बोटांत मुरलं होतं ते सगळं एकदम चुकीच्या बाजूला गेलं. माती त्यांच्याकडे यायची ती त्यांच्यापासून पळू लागली. थांबवावं तर शंभर माणसं बघत होती. त्यांनी दात-ओठ खात गोळा वर ओढला, तो मध्येच थरथरला, काठ एका बाजूने वर चढला, बाजूला बोटांचे जाड वळसे उमटले. कसाबसा कप झाला. एकीकडे झुकलेला, पोटाशी फुगलेला, काठ लाटेसारखा वरखाली. बारा वर्षांची असताना त्यांनी याहून बरा केला होता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

परीक्षकबाई पुढे आल्या, वाकून बघितलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. बोटांच्या वळशांवरून, हात न लावता, बोट फिरवत त्या म्हणाल्या, "बघा, आता यात हात दिसतोय." त्यांच्या आवाजात सुटल्याचा भाव होता. त्यांनाही हे प्रकरण जिवावर आलं असणार. एका बाईने विचारलं, भाजून झाल्यावर हा कप आपल्यासाठी बाजूला ठेवाल का. तिच्या मागे आणखी एकीने विचारलं. फाइल उघडली, पेनाचं टोपण निघालं. गर्दीच्या कडेला उभे असलेले नवरोबा मान हलवून, डोळे मोठे करून खुणा करत होते, की गप्प बस, सही होऊ दे, मग काय ते बघू.

मापताईंनी त्या कपाकडे बघितलं. हा कप आता त्यांच्या नावाने भट्टीत जाणार होता. त्यांच्या मांडणीवर, नऊ महिन्यांच्या कपांच्या ओळीत, त्यांच्या हाताचा पुरावा म्हणून बसणार होता. यातला वेगळा कोणता, असं कुणी विचारायची गरजच उरणार नव्हती. त्यांनी तळहात कपावर ठेवला आणि तो दाबून सपाट केला.

गर्दीतून "अरेरे" असा आवाज आला. परीक्षकबाई पेन हातात धरून तशाच राहिल्या.

"हा माझा नाही," मापताई म्हणाल्या. "चाकाचा आहे."

मागून दाढीवाला चौथऱ्यावर चढला. तो याच जातीच्या चाकावर काम करायचा. वाकून त्यांच्या कानाशी म्हणाला, "ताई, मागच्या बाजूला खाली एक बटण आहे. सुलटं फिरेल." आणि न विचारता त्यानेच ते दाबलं, शिवाय आपल्या स्टॉलवरून मळलेल्या मातीचा एक मोठा गोळाही आणून दिला. मापताईंनी त्याच्याकडे प्रथमच नीट बघितलं. सकाळपासून त्याच्याबद्दल जे जे मनात आलं होतं त्याची त्यांना थोडी लाज वाटली. थोडीच.

मग त्यांनी कप केला. काडी अंबाड्यातून निघाली, आत बुडाली, आडवी झाली, परत गेली. दोऱ्याने कप कापून फळीवर ठेवला. दुसरा केला. तिसरा केला. पहिल्या कपाला लोक श्वास रोखून बघत होते, दुसऱ्याला कौतुकाने हसले, तिसऱ्याला घड्याळ बघू लागले. एकच गोष्ट पुन्हापुन्हा तशीच होताना बघायला कोण थांबणार? पडतो की काय, मोडतो की काय, ही भीती असेल तर मजा असते. इथे काही मोडत नव्हतं. पाचव्या कपापर्यंत चौथऱ्याच्या पायरीवर पाय दुखले म्हणून बसलेली दोन माणसं, दाढीवाला, नवरोबा आणि परीक्षकबाई एवढेच उरले. सहावा कप फळीवर ठेवून मापताईंनी चाक थांबवलं. अंगठा ठणकत होता.

परीक्षकबाई फळीजवळ आल्या. मनाने प्रामाणिक होत्या, म्हणून नीट बघितलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या, वाकून काठांच्या रेषेत एक डोळा मिटून बघितलं, मग उभ्या राहिल्या. 

"ताई, मी डोळ्यांनी बघितलंय, तुम्हीच केलेत," त्या म्हणाल्या. "पण खरं सांगा, यात तुमचा हात कुठे दिसतो?"

"दिसू नये म्हणूनच तर सगळा जन्म घालवला," मापताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता आणि त्यांना तो आवरायचा नव्हता. "हात दिसतो तो शिकाऊ माणसाचा. पहिली चार वर्षं माझाही दिसायचा. तुम्हाला तेव्हाचे कप हवे असतील तर ते नाहीत माझ्याकडे, वडिलांनी एक ठेवला नाही."

परीक्षकबाईंनी फाइलमधला कागद त्यांच्यापुढे केला. अहवालाचा छापील नमुना होता. त्यात एक ओळ होती: "वस्तूवर हाताच्या खुणा स्पष्ट दिसतात. होय / नाही. लागू नसेल ते खोडावे." परीक्षकबाई म्हणाल्या की कागदावर दुसरी जागाच नाही. बघितलं, खात्री पटली, असं लिहायला रकाना नाही. "नाही" राहिलं तर मान्यता जाते, तीन वर्षांसाठी. मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि पेन मापताईंच्या हातात दिलं. म्हणाल्या, "तुम्हीच खोडा. तुम्ही काय खोडाल ते मी मान्य करते. खाली सही माझी."

याहून मोठा मान परीक्षकबाई कुणाला देऊ शकत नव्हत्या, हे मापताईंना कळलं. म्हणून तर जास्त अवघड झालं. "नाही" खोडायचं, बस. एक रेघ. मोठ्या खिडक्या, संगीत, येणारी माणसं, नऊ महिने. नवरोबा चौथऱ्याच्या कडेला आले होते आणि त्यांच्या ओठांवर "नाही खोड, नाही खोड" असं चाललेलं दिसत होतं. आयुष्यभर अर्ज तपासलेला माणूस. कुठल्या रेघेने काय होतं ते त्याच्याइतकं कुणाला माहीत?

मापताईंनी फळीकडे बघितलं. सहाही कपांवर कुठेही खूण नव्हती. असं असताना खुणा दिसतात म्हणून लिहून द्यायचं, म्हणजे त्या कपांना तोंडावर नावं ठेवण्यासारखं होतं. त्यांनी मातीच्या हातांनी पेन धरलं आणि "होय" वर रेघ मारली. कागदावर मात्र त्यांच्या बोटांचे ठसे स्वच्छ उमटले.

परीक्षकबाई म्हणाल्या, उद्या सकाळी हललात तरी चालेल. मापताई म्हणाल्या, आत्ताच जाते.

आवरायला दीड तास लागला. नवरोबा एक अक्षर बोलले नाहीत. प्रत्येक कप कागदात गुंडाळून खोक्यात घालत राहिले, आणि मापताईंना माहीत होतं की हा माणूस बोलत नाही तेव्हा तो स्वतःला दोष देत असतो. दाढीवाल्याने आपला स्टॉल सोडून हातगाडी ओढली. मागच्या दालनात शेवटची जागा मिळाली, एका बाजूला प्लास्टिकची फुलं आणि दुसऱ्या बाजूला स्टीलच्या बाटल्या. वर ट्यूबलाइट फडफडत होती. मांडणी लावून झाली तेव्हा पाच वाजून गेले होते.

तिथे सव्वापाचला पहिलं गिऱ्हाईक आलं. एका मोठ्या ऑफिसच्या कँटीनचा माणूस होता, कप बघत बघत फिरत होता. तो थबकला. त्याने एक कप घेतला, उलटा करून बूड बघितलं, नखाने टिचकी मारून कानाशी नेला. मग सहा कप एकावर एक रचले आणि रचलेल्या थराभोवती बोट फिरवलं. खिशातून फूटपट्टी काढून तोंडं मोजली.  असं बघणारा माणूस मापताईंना दोन दिवसांत भेटला नव्हता.

त्याने विचारलं, कारखाना कुठे आहे, आठवड्याला किती निघतात. मापताई म्हणाल्या, कारखाना नाही, घरीच करते, हाताने, चाकावर.

माणूस हसला. वाईट नव्हता तो. त्याने वरचा कप जपून जागेवर ठेवला. "ताई, वीस वर्षं मी कप घेतोय," तो म्हणाला. "काही माल बाहेरून आणून विकत असाल तर तसं सांगा, मला काही फरक पडत नाही. पण हाताने असं होत नाही." आणि मान हलवत बाटल्यांच्या स्टॉलकडे वळला.

नवरोबा ताडकन उठले. त्याच्यामागे धावणार होते, सांगणार होते, चौथऱ्यावर अजून सहा ओले कप आहेत, चल दाखवतो. मापताईंनी त्यांची बाही धरली.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "त्याला पटवायचं तर एक तरी वाकडा कप लागेल. तो कुठून आणू?"

एवढं बोलता बोलता त्यांना रडू फुटलं. नवरोबांनी फुलवाल्याकडून एक स्टूल मागून आणलं आणि त्यांना बसवलं.